शिकाऊ पोरींनी आईला माणसात आणलं

पक्षाघाताने आईची उजवी बाजू आणि वाचा एकदमच गेली. आधीच्या हॉस्पिटलात औषधपाणी वेळेवर झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण चादर बदलताना सगळे तिच्या अंगावरून आपापसात बोलायचे, "चौदा नंबरला वळवा" म्हणायचे. आई छताकडे बघत पडून राहायची. म्हणून तिला इथे, तुमच्या हॉस्पिटलात हलवलं.

इथे वॉर्डात बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली असतात. शिकाऊ म्हटल्यावर मी धास्तावलो होतो. पहिल्याच सकाळी त्यांच्या ट्यूटर मॅडम स्टूल ओढून आईच्या डोळ्यांसमोर बसल्या. मुलींना म्हणाल्या, "आजींची वाचा गेलीय, कान नाही गेले. काय करणार ते आधी त्यांना सांगायचं, मग हात लावायचा." आईचा डावा हात धरून खूणही ठरवून दिली. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी आईला काही विचारत होतं. मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

भरवायचं कसं तेही मी इथेच शिकलो. पाठ ताठ, हनुवटी जराशी खाली, घास डाव्या गालात, गिळल्याशिवाय पुढचा चमचा नाही. एक मुलगी सांगत होती, कॉलेजात त्यांना एकमेकींना भरवायला लावतात. जेवणारीने हलायचं नाही, बोलायचं नाही. "गरम लागलं तरी सांगता येईना काका, रडूच आलं." ती आईची पेज आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायची.

आम्ही मुंढव्याचे. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्यातूनच एका आजारी पोराला पाठीवर घेऊन हडपसरच्या दवाखान्यात नेलं आणि त्याच साथीत 10 मार्चला त्या गेल्या. ही गोष्ट आईच आम्हाला सांगायची. या पोरी दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायच्या, तेव्हा तीच गोष्ट मनात यायची. 19 दिवसांत पाठीला एक जखम नाही.

दोन गोष्टी सुधारा. आठवड्याला पोस्टिंग बदलते आणि नव्या मुलींना हाताची खूण माहीत नसते. शेवटी मीच कागदावर लिहून पलंगाला चिकटवली. आणि राऊंडला दहा जणी एकदम येतात तेव्हा पडदा अर्धवट राहतो. आई नऊवारी नीट केल्याशिवाय दारातही न येणारी बाई आहे.

डिस्चार्जच्या दिवशी ती पेजवाली मुलगी आईचा हात धरून म्हणाली, "आजी, जाऊ का आता ड्युटीवर?" आईने दोनदा दाबला.