मंदीत माणसं कमी करायची की दिवस?

ऑर्डरी निम्म्यावर आल्या की लहान कारखानदारापुढे दोन रस्ते उरतात. काही माणसं कायमची कमी करायची, नाहीतर सगळ्यांना ठेवून आठवड्याचे दिवस आणि त्या प्रमाणात पगार कमी करायचा. मी दोन्ही जवळून पाहिलंय. २०१९ मध्ये भोसरीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रॉडक्शन बघायचो, तिथे कपात झाली. २०२० मध्ये स्वतःच्या वर्कशॉपमध्ये आम्ही चार दिवसांचा आठवडा केला.

कपातीची बाजू आधी. खर्च लगेच खाली येतो, बँकेपुढे आकडे नीट मांडता येतात, उरलेल्यांचा पगार शाबूत राहतो. एक महिन्याची नोटीस, पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, लागू असेल त्याची ग्रॅच्युइटी. हिशेब एकदाच मिटतो. ‘शेवटी आलेला आधी जाईल’ या नियमामुळे जुनी माणसं टिकतील असं वाटतं. पण त्या कारखान्यात, बहुतेक ठिकाणी होतं तसं, आधी कंत्राटी पोरं गेली आणि मग कायम कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्ती आली. ती घेतो कोण? ज्याला बाहेर काम मिळायची खात्री असते तो. आमचा सेटर, म्हणजे मशीन लावून मापं जुळवणारा माणूस, गेला.

सकाळी मशीन थंड असताना तीन नंबरच्या सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, वीसेक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठं यायचं. तो सेटर पहिला पार्ट काढण्याआधीच ऑफसेट, म्हणजे मापाची तेवढी दुरुस्ती, द्यायचा आणि मशीन तापलं की काढून घ्यायचा. सेटिंग शीटवर हे कुठेच नव्हतं. नवा सेटर शीटबरहुकूम चालायचा, त्यात त्याचा काय दोष? पण रोज सकाळचा पहिला क्रेट संशयाचा. मग ग्राहकाच्या लाइनवर रिजेक्शन, डेबिट नोट (बिलातून कापलेले पैसे), खराब पार्ट निवडायला तिकडे दोन माणसं पाठवायची, आणि दर आठवड्याला तेच उत्तर द्यायला ग्राहकासमोर बसायचं. कपातीत वाचलेल्या पगाराचं कौतुक मला त्या बैठकांत उरलं नाही.

दिवस कमी करण्यातही त्रास आहेच. ज्याचा घराचा हप्ता चालू आहे त्याला तिसरा महिना जड जातो. लेखी संमती घ्यावी, नियमांसाठी कामगार सल्लागाराला आधी विचारलेलं बरं. जर्मनीत ‘कुर्त्सआर्बाइट’ या कमी तास कामाच्या योजनेमध्ये कमी झालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी निधीतून मिळतो, २००९ मध्ये तिथल्या अर्थव्यवस्थेचं एकूण उत्पादन पाच टक्क्यांहून जास्त घसरूनही बेकारी फारशी वाढली नाही. आपल्याकडे तो आधार नाही, सगळा भार कामगारावर आणि मालकावर येतो. तरी आमच्याकडे सेटर राहिले. एप्रिल २०२० मध्ये मारुतीने देशात एकही गाडी विकली नव्हती, आणि दसरा-दिवाळीला शेड्युल इतकं वाढलं की आम्हाला रविवार लावावे लागले. त्या वेळी भोसरी-चाकणमध्ये सेटर शोधणाऱ्यांची काय दमछाक झाली, ते मी शेजारच्या गाळ्यांत पाहिलं.

हे सगळीकडे लागू पडेल असं मी म्हणणार नाही. काम परत येणार असेल तरच दिवस कमी करण्यात अर्थ आहे. २०१९ ची घसरण फायनान्स कंपन्यांकडचा पैसा आटल्याची आणि बीएस-६ या प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या धास्तीची होती. गाड्या लोकांना हव्याच होत्या. पण तुम्ही फक्त सायलेन्सरचे पार्ट करत असाल आणि ग्राहकाचं नवं मॉडेल इलेक्ट्रिक असेल, तर चार दिवसांचा आठवडा म्हणजे माणसांना ताटकळत ठेवणं. तिथे वेळेवर, पूर्ण देणं देऊन मोकळं करणं जास्त प्रामाणिक. तेवढा अपवाद सोडला तर माझा कौल दिवस कमी करण्याकडे आहे.

तो रस्ता धरलात तर मालकाचा पगार सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त कापा, आणि आकडा बोर्डावर लावा. नोटिशीत मुदत लिहा: तीन महिने, त्यानंतर अमुक तारखेला बैठक. ‘परिस्थिती सुधारेपर्यंत’ असं लिहिलंत तर चांगला सेटर दुसऱ्याच आठवड्यात बाहेर चौकशी करू लागतो.