मिश्र वयाचा माँटेसरी वर्ग की एकाच वयाचा?
एकाच वयाच्या वर्गात सगळ्यांना धडा एकच, टीचरला प्लॅनिंग सोपं जातं, पण मग ह्याला येतं त्याला येत नाही हेही लगेच सुरू होतं. माँटेसरीत ३ ते ६ वर्षांची मुलं एकत्र असतात. मोठा मुलगा गुलाबी मनोऱ्याचे १० ठोकळे, सगळ्यात मोठा खाली आणि १ सेंटीमीटरचा वर, असे रचत असतो आणि बाजूला बसलेली छोटी नुसती बघत असते, बघता बघता शिकते. मला तर मोठ्याचाच फायदा जास्त वाटतो, कारण छोटीला दाखवायचं म्हणजे स्वतःला नीट यावं लागतं ना! शिवाय सहसा तीन वर्षं टीचर तीच. फक्त टीचरचं ट्रेनिंगच नसेल तर नुसती वयं मिसळून काही होत नाही, तिथे एकाच वयाचा वर्ग बरा.