इलेक्ट्रिक स्कूटर की बस-मेट्रो? कर्वेनगर ते लक्ष्मी रस्ता, स्वतःच्या अनुभवावरून

गेल्या वर्षी माझ्या पेट्रोल स्कूटरला दहा वर्षं झाली आणि घरात विषय निघाला: आता इलेक्ट्रिक घ्यायची, की ऑफिसला जाण्यापुरता दुचाकीला रामराम ठोकायचा? ओळखीतले निम्मे लोक सध्या याच विचारात आहेत. एप्रिल 2022 मध्ये पुण्यात पेट्रोल 120 रुपयांच्या घरात गेलं होतं. मग केंद्राने मे महिन्यात 8 रुपये उत्पादन शुल्क कमी केलं, जुलैत राज्याने व्हॅटमध्ये 5 रुपयांची सूट दिली, पण शंभरीच्या खाली ते काही उतरलं नाही. मी निर्णय घेऊन आता वर्ष होत आलं. तो कसा घेतला ते सांगतो, तुमचं गणित थोडं वेगळं असू शकेल.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो, कारण बसची बाजू घेणारे ती सहसा बोलत नाहीत. जून 2025 मध्ये शहर बसचा महिन्याचा पास 900 वरून 1500 रुपये झाला. माझं रोजचं जाणं-येणं चौदा किलोमीटर, महिन्याला साडेतीनशे. स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते, म्हणजे पेट्रोलला आठ-साडेआठशे रुपये. निव्वळ इंधन बघितलं तर पास महाग पडतो! दोन्ही सारखे व्हायला एका बाजूचं अंतर बारा-तेरा किलोमीटर तरी हवं. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीहून पेठेत येणाऱ्याला पास घेऊन पेट्रोलचे पैसे वाचणार नाहीत. ज्याची गाडी नवी आहे आणि हप्ते फिटलेत, त्याने निव्वळ पैशासाठी बदल करायचं कारण मला दिसत नाही.

पण माझ्यासमोर नवी गाडी घ्यायचा प्रश्न होता, आणि तिथे हिशोब उलटतो. चांगली इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्यावर येईपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास जाते. चालवायला ती खरोखर स्वस्त. माझ्या मेव्हण्याकडे आहे, त्याच्या अनुभवावरून माझ्या अंतराला महिन्याला दहा-बारा युनिट पुरतील, म्हणजे वीजबिलात दीडशे रुपयेही वाढणार नाहीत. गाडी सुरेख पळते, आवाज नाही, सिग्नलला धूर नाही. चार्जिंगचं पाहावं लागतं. आमची इमारत जुनी, मीटर तळमजल्यावर आणि मी तिसऱ्या मजल्यावर. पण वायरमनने स्वतंत्र लाइन ओढून द्यायची तयारी दाखवली होती, म्हणजे तो प्रश्न सुटणारा होता. मी बुकिंग करायच्या बेतात होतो.

अडलं ते पार्किंगपाशी.

माझं ऑफिस लक्ष्मी रस्त्यावर, कुंटे चौकाजवळ. पेठेत गाडी लावणाऱ्यांना पी-वन, पी-टूची पाटी, म्हणजे सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायचा नियम, सांगायला नको. 31 तारखेनंतर 1 तारीख आली की दोन्ही दिवस विषम, आदल्या दिवशीचीच बाजू, हेही सवयीने पाठ होतं. जागा शोधायला दहा मिनिटं जातात, तीही चालवून घेता येतात. त्रास संध्याकाळी असतो. साडेसहाला खाली उतरलं की गाडी दिसते, पण निघत नाही. सकाळी तिरपी लावलेली गाडी आता दोन गाड्यांच्या मध्ये घट्ट बसलेली असते. हँडल शेजारच्या गाडीच्या आरशात अडकलेलं, मागचं चाक तिसऱ्याच कुणाच्या सायलेन्सरला टेकलेलं. शेजारची गाडी लॉक, त्यामुळे हँडल फिरत नाही. मग बॅग सीटवर ठेवायची, शेजारच्या गाडीला मागून दोन्ही हातांनी धरायचं, वाकायचं आणि तिचं मागचं चाक उचलून वीतभर पलीकडे ठेवायचं. मग तिच्या पलीकडची. कधी कधी तिसरी.

जुलैतल्या एका संध्याकाळी, भर पावसात, अंगावर रेनकोट असताना तिसरी गाडी उचलली आणि कंबरेत उसण भरली. चार दिवस घरी पडून होतो. उशाशी इलेक्ट्रिक स्कूटरचं माहितीपत्रक होतं. ते वाचता वाचता लक्षात आलं, की ही नवी गाडीही त्याच रांगेत उभी राहणार. तिचं वजनही काही कमी नाही. पेट्रोल वाचेल, पण रस्ता तोच, गल्ली तीच, आणि माझी कंबरही हीच.

पाचव्या दिवशी वाकणं शक्यच नव्हतं म्हणून बसने गेलो. तेव्हापासून बसनेच जातो.

कर्वेनगरहून बस धरून डेक्कनला उतरतो आणि लकडी पुलावरून, अलका चौकातून चालत ऑफिस गाठतो. चालणं पाऊण तासाचं असतं तर सांगितलं नसतं, वीस मिनिटांच्या आतलं आहे. पावसाचा जोर असला किंवा उशीर झाला तर नळस्टॉपला उतरून मेट्रो घेतो. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची आणि मंडईला बाहेर पडायचं. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्थानक सुमारे 33 मीटर खोल आहे, वरच्या फलाटावरून खालच्या फलाटावर जाताना सरकते जिने संपता संपत नाहीत. गुडघे दुखणाऱ्याने तेवढी पाच-सात मिनिटं धरूनच निघावं. मंडईला वर आलं की समोर भाजीचा बाजार, हे सुख मात्र वेगळंच.

मेट्रो आणि बस यांत मेट्रोचं वेळापत्रक पक्कं, यात वाद नाही. शनिवार-रविवारी तिकिटात 30 टक्के सवलत मिळते, तिचा घरच्यांना चांगला उपयोग होतो. पण बसचा पास मेट्रोत चालत नाही, तिथे वेगळे पैसे जातात. आणि मेट्रो आपल्या दारात येत नाही. माझ्या घरापासून नळस्टॉपला जायलाही बसच लागते. म्हणून दोन्हींत एकच निवडायचं म्हटलं तर माझं मत, थोडं भीतभीतच, बसला आहे. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी बस मुंगीच्या पावलाने सरकते, हे मी रोज बघतो. फरक एवढाच, की तेव्हा मी खिडकीशी बसून वाचत असतो, पाय टेकवत, ब्रेक दाबत नसतो.

सरकारी पैशाकडेही मी आता याच नजरेने बघतो. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला डिसेंबर 2016 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, साधारण 31 किलोमीटरसाठी 11,420 कोटी रुपये. त्यातला शेवटचा तुकडा, सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट, 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाला. हा खर्च वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही. पण पेट्रोल महागल्यावर माणसाला पुढच्या महिन्यात पर्याय हवा असतो, आठ वर्षांनी नव्हे. तो बसच देऊ शकते. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने देशभरातल्या शहरांसाठी 10,000 ई-बसची योजना मंजूर केली, ते पाऊल मला योग्य वाटतं. ई-बसचं तिकीट डिझेलच्या भावावर हलायचं कारण उरत नाही. दुसरीकडे, पासचे 1500 करणं मला मनापासून खटकतं. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. माझी बहीण साताऱ्याहून पूर्वी सणासुदीला यायची, आता महिन्याआड येते. तिकीट परवडलं की माणसं गाडीत बसतात, याला मला आणखी पुरावा नको.

आणि बसला स्वतःची वाट हवी. 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रयोग याच शहराने केला होता. नगर रस्त्यावरची अशीच मार्गिका पुढे काढूनच टाकली. पन्नास-साठ माणसांची बस दोन-तीन मोटारींच्या जागेत मावते, तरी ती त्याच मोटारींच्या मागे अडकून राहते.

ज्यांचं काम रात्रपाळीचं आहे, दिवसातून चार ठिकाणी फिरायचं असतं, किंवा घर थांब्यापासून फार आत आहे, त्यांनी इलेक्ट्रिक घ्यावी. ऑफिसच्या आवारात हक्काची पार्किंगची जागा असेल तर माझा निम्मा युक्तिवाद तिथेच गळून पडतो. पण रोज पेठेत किंवा डेक्कनला यायचं असेल, तर बुकिंगचे पैसे भरण्याआधी एक महिना पास काढून बघा. जून किंवा जुलैच निवडा. तेव्हा बसही उशिरा धावते, स्कूटरवर माणूसही भिजतो, त्यामुळे कुणालाच झुकतं माप मिळत नाही. माझी जुनी स्कूटर अजून दारात आहे, रविवारी आईला दवाखान्यात न्यायला कामी येते. टाकी शेवटची भरली त्याला दोन महिने होऊन गेले.