सात महिने, एक जुना लॅपटॉप आणि आतल्या खोलीतलं वायफाय

गणपतीच्या आधी, ऑगस्ट २०२५ मध्ये, मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.१ ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबरला संपणार होता, विंडोज ११ ला माझा सातव्या पिढीचा प्रोसेसर चालत नव्हता, आणि कीबोर्डवरची चार अक्षरं पुसली गेली एवढं सोडलं तर यंत्र ठणठणीत होतं. मोडीत काढायला मन धजेना. आता मार्च संपत आलाय. मिंटबद्दल माझी तक्रार नाही. स्क्रायबस या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये जोडाक्षरं तुटत नाहीत, प्रिंटर तर मी काहीही न करता सापडला. हे सगळं लिहितेय ते वायफायसाठी, कारण सातातले पाच महिने त्यानेच खाल्ले.

मी घरून पुस्तकांची मांडणी करते. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर घर, बाहेरच्या खोलीत टीव्हीमागे राउटर, सगळ्यात आतल्या खोलीत माझं टेबल. मध्ये दोन जाड भिंती आणि आरसा लावलेलं लोखंडी कपाट. प्रेसला दोन-दोनशे एमबीच्या पीडीएफ पाठवायच्या, कोल्हापूरच्या लेखकांशी व्हिडिओ कॉलवर प्रुफं तपासायची, असं रोजचं काम. नेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की त्याच टेबलावर फोनला ९० च्या पुढे स्पीड मिळतोय आणि लॅपटॉपला सहा-सात.

नेटवाल्यांकडे तीनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा आलेल्या मुलाने स्वतःच्या फोनवर स्पीड दाखवला आणि म्हणाला, "ताई, नेट ओके आहे. तुमच्या लॅपटॉपातच घोळ आहे." मला तेव्हा राग आला होता. तो बरोबर होता.

त्याचं वाक्य डोक्यात ठेवून मी एक गोष्ट केली, ती पहिल्या दिवशीच करायला हवी होती. स्पीड टेस्ट बाजूला ठेवली आणि टर्मिनलात, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, राउटरलाच पिंग लावलं: पिंग, पुढे राउटरचा पत्ता, माझ्याकडे १९२.१६८.१.१. पिंग म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. स्पीड टेस्टमध्ये लॅपटॉप ते राउटर आणि राउटर ते जग असे दोन्ही रस्ते एकत्र मोजले जातात. खड्डा कुठे आहे ते कळत नाही. राउटरला पिंग केलं की फक्त घरातला रस्ता मोजला जातो. घरातल्या घरात हा आकडा दोन ते पाच मिलिसेकंद यायला हवा. माझ्याकडे आलं ते असं: ४, ११०, ६८, २१३, ५, ९७, १८८. केबल लावली तर सगळे एकच्या आत. म्हणजे बाहेरच्या कुणाचाही दोष नव्हता, माझ्या टेबलापासून टीव्हीपर्यंतच्या पंचवीस फुटांतच सगळी गंमत होती.

आकड्यांची ही वरखाली उडी म्हणजे बहुतेक वेळा पॉवर सेव्ह. बॅटरी वाचवायला वायफायची चिप मध्येमध्ये डुलकी काढते. ती झोपली की राउटर तिची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, स्वतःकडे ठेवून घेतो, जसं आपण घरी नसलो की शेजारच्या काकू आपलं कुरिअर घेऊन ठेवतात. राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी एक हाक देतो, त्यात "तुझं काही आलंय" हेही सांगतो. चिप त्या हाकेला जागी होते आणि पाकीट उचलते. एखादी हाक हुकली तर पुढच्या हाकेपर्यंत थांबा. चांगल्या चिपला हे जमतं, कळतही नाही. माझ्या लॅपटॉपात कंपनीने बसवलेली चिप स्वस्तातली, एकाच अँटेनाची. तिची झोप गाढ होती.

उबंटूवर बेतलेल्या लिनक्समध्ये, म्हणजे मिंटमध्येही, हे मुळातच चालू असतं. ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरात नेटवर्कमॅनेजरचा, म्हणजे नेटच्या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा, फोल्डर असतो. त्यात, कॉन्फ.डी नावाच्या उपफोल्डरात, डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची छोटी फाइल असते. तिच्यात पॉवरसेव्हपुढे ३ लिहिलेलं असतं. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. मी ३ चं २ केलं, नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू केला. पिंग: ३, २, ३, ४, २. एक आकडा बदलायला चाळीस सेकंद, आणि त्यासाठी मी तीन आठवडे नेटवाल्यांशी भांडत होते.

स्पीड सहावरून बावीसवर गेला. मी खूश. पण दर गुरुवारी पुन्हा रडगाणं सुरू.

गुरुवारचं कोडं सुटायला मला सप्टेंबर पूर्ण लागला. आमच्याकडे वीज जायची ती बहुधा गुरुवारीच. राउटर इन्व्हर्टरवर असल्याने नेट चालू राहायचं, पण कॉल अडकायचे, आवाज तुटायचा. मला वाटायचं, वीज गेली की नेटवाल्यांच्याच कुठल्यातरी डब्याचं काहीतरी बिनसतं. एकदा वीज असतानाही चार्जर काढून गॅलरीत बसले, तर तेच. मग ट्यूब पेटली. बॅटरी जास्त टिकावी म्हणून मी पहिल्याच आठवड्यात टीएलपी नावाचं साधन टाकलं होतं. त्याचं स्वतःचं वायफायचं पॉवर सेव्ह असतं: चार्जर लावला की बंद, बॅटरीवर आलं की चालू. मी नेटवर्कमॅनेजरला सांगितलेलं टीएलपी पाठीमागून पुसून टाकत होतं. त्याच्या फाइलमध्ये बॅटरीवरचं वायफाय पॉवर सेव्ह बंद केलं आणि गुरुवार सुटला. बॅटरी किती कमी टिकते? माझ्या वापरात दहा-पंधरा मिनिटांचा फरक असेल, सौदा मंजूर.

पुढचं दुखणं बँडचं, म्हणजे वायफाय कुठल्या रेडिओ पट्ट्यात बोलतं त्याचं. राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींना एकच नाव दिलेलं होतं, आणि लॅपटॉप हट्टाने २.४ ला चिकटून बसायचा. आमच्या पेठेत २.४ म्हणजे काय, ते मी एकदा मोजलं: खिडकीत बसून ३१ नेटवर्क दिसली. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. माझ्यासकट बारा जण ६ वर होते. कार्यालयात एकाच वेळी बारा पंक्ती उठवल्या तर दारात जे होईल ते हवेत होत होतं. मिंटमध्ये जोडणीच्या सेटिंगमध्ये वायफायच्या पानावर बँड निवडता येतो: ए म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, बी/जी म्हणजे २.४. ही नावं ज्याने ठेवली त्याला नमस्कार. मी ए निवडलं, बावीसचे पन्नास झाले.

५ गिगाहर्ट्झ लावल्यावर एक जुनं गूढही आपोआप उकललं. शनिवारी संध्याकाळी मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्यायचे आणि नेमकं तेव्हाच वायफाय मरायचं. मी समजत होते, लॅपटॉप दमतो. खरं कारण यूएसबी ३. त्याच्या वायरीतून आणि खाचेतून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेलने यावर २०१२ मध्येच टिपण काढलं होतं. माझी डिस्क डाव्या खाचेत, अँटेनाची वायर त्याच बाजूने वर जाते. डिस्क लावली की सिग्नल तोच दिसायचा, पण स्पीड पार जमिनीवर. ज्यांच्याकडे फक्त २.४ आहे त्यांनी डिस्क लांब वायरीने दुसऱ्या बाजूला लावून बघावी. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात बोलतं, म्हणून हेडफोन लावून कॉल करताना माझं दुप्पट अडायचं.

५ गिगाहर्ट्झ भिंतींना घाबरतं, हा त्याचा स्वभाव. टर्मिनलात आयडब्ल्यू या वायफायच्या साधनाचा लिंक हा आदेश दिला की सिग्नल आणि बिटरेट, म्हणजे लॅपटॉप-राउटर जोडणीचा वेग, दिसतो. सिग्नल उणे आकड्यात येतो. उणे ५० झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉलला पुरतं, उणे ८० म्हणजे देवाचं नाव घ्या. माझा उणे ७१ होता. राउटर टीव्हीमागून काढून कपाटाच्या रेषेतून चार फूट बाजूला, उंच फळीवर ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या डबड्याला देव्हाऱ्याच्याही वर जागा कशाला?" मी म्हटलं, "अहो आई, महिनाभर बघू, नाही जमलं तर खाली उतरवते." उणे ६४ झाला आणि स्पीड ऐंशीच्या पुढे गेला. तो अजून तिथेच आहे. या एका हलवाहलवीला शून्य रुपये लागले आणि कुठल्याही आदेशापेक्षा जास्त फायदा झाला.

मध्येच एकदा ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क लॅपटॉपला दिसेनाच. फोनला दिसतंय, लॅपटॉपला नाही. लिनक्सला देश ठाऊक नसला की तो जगभराचा सर्वांत सावध नियम धरतो, देशाच्या जागी ०० दाखवतो, आणि काही चॅनेलवर आपणहून तोंड उघडत नाही. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला, पण ते लॅपटॉपला सांगावं लागतं. देश आयएन, म्हणजे भारत, केला. शिवाय राउटरला आपोआप चॅनेल निवडू न देता ३६ वर बांधून ठेवलं. ५२ ते १४४ हे मधले चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. तिथे राउटरला आधी निदान मिनिटभर कान देऊन ऐकावं लागतं, आणि रडार जाणवलं तर जागा सोडावी लागते. घरच्या कामाला ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे बरे.

एवढं झाल्यावर खरं तर थांबायला हवं होतं. १०० च्या प्लॅनवर ८५-८८ मिळत होते. पण मुलाचं ऑनलाइन काही सुरू असलं की माझ्या कॉलचा आवाज अजूनही कधीकधी बसायचा, आणि एव्हाना मला या विषयाचं थोडं वेडही लागलं होतं. डिसेंबरात वायफायचं कार्ड, म्हणजे ती चिप असलेली छोटी पट्टी, बदललं.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले. मला हवं होतं इंटेलचं एएक्स२१० कार्ड. दुकानदारांनी एएक्स२०१ पुढे केलं. "ताई, नंबर जवळजवळ तोच, शंभर रुपये कमी." नंबर जवळजवळ तोच, पण २०१ हे अर्धवट कार्ड आहे. वायफायचं उरलेलं अर्धं काम प्रोसेसरकडे असतं आणि ते फक्त इंटेलच्या दहाव्या पिढीपासून पुढे. माझ्या सातव्या पिढीत ते मुकं राहिलं असतं. २१० पूर्ण आहे, एम.२ ची खाच असलेल्या बहुतेक लॅपटॉपात चालतं, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.१० किंवा पुढचं हवं. मिंट २२ त्याच्या खूप पुढे आहे. दोन हजारांच्या आत मिळालं. काही जुने लॅपटॉप अनोळखी कार्ड दिसलं की सुरूच होत नाहीत, तेवढं आपल्या मॉडेलचं आधी शोधून घ्या.

घरी येऊन तळाचे अकरा स्क्रू काढले, आधी बॅटरीची पट्टी सोडवली. जुनं कार्ड नखाएवढं, त्याला एकच काळी वायर. आणि शेजारी, पारदर्शक नळीत टोक गुंडाळून, पिवळ्या चिकटपट्टीने दाबून ठेवलेली एक पांढरी वायर. दुसरी अँटेना. पडद्यापर्यंत जाऊन आलेली, पूर्ण बसवलेली, फक्त कशालाच न जोडलेली. आठ वर्षं मी तिच्यावर मनगट टेकवून टाइप करत होते. नव्या कार्डाच्या दोन खाचा तांदळाच्या कणीएवढ्या. सरळ वरून दाबलं की टिक आवाज येतो, तिरकं दाबलं तर वाकतं. पांढरी वायर तिसऱ्या खेपेला बसली. कुठलाही ड्रायव्हर टाकावा लागला नाही, लॅपटॉप सुरू केला आणि नेटवर्क दिसली.

फरक किती? बिटरेट ४३३ वरून ८६६ झाला, सिग्नल उणे ५८. घरातल्या दुसऱ्या संगणकावर २०० एमबीची पीडीएफ टाकायला आधी बारा-तेरा सेकंद लागायचे, आता पाच-सहा. इंटरनेटचा स्पीड मात्र ८८ चा ९४. म्हणजे प्लॅनच १०० चा असेल तर कार्डापायी दोन हजार घालवायची गरज नाही. कॉलचा आवाज बसणं थांबलं, ते मला पुरे. पॉवर सेव्ह नव्या कार्डावर मी मुद्दाम चालू करून पाहिलं. पिंग सहा-सातच्या पुढे जात नाही.

राहिलेल्या कुरबुरी दोन. लॅपटॉप झोपवून उठवला की पंधरवड्यातून एखाद्या वेळी वायफाय जागं होत नाही, तेव्हा नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करावा लागतो. आणि फेब्रुवारीत एका कर्नल अपडेटनंतर ब्लूटूथ गायब झालं. सुरू होताना जुनं कर्नल निवडलं, पुढच्या अपडेटमध्ये ते परत आलं. प्रेसची अगदी शेवटची फाइल पाठवायची असली की मी अजूनही पंधरा मीटरची केबल ओढत बाहेरच्या खोलीतून आणते, आणि घरातले सगळे तिच्यावरून पाय उचलून चालतात.

जुनं कार्ड काडेपेटीत घालून टेबलाच्या खणात ठेवलंय. ब्लूटूथ पुन्हा रुसलं तर लागेल.