पोषण पेटी: काट्याला पाच तारे, पत्त्यांना दोन

आधीच सांगते, माझी वडापावची गाडी आहे. मुलांच्या आहाराच्या साहित्याची परीक्षा मी करायची म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पण धाकटा महापालिकेच्या शाळेत सहावीत आहे आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. मागच्या सप्टेंबरात पोषण महिन्याच्या निमित्ताने एका संस्थेने शाळेला ही पेटी दिली. दुसऱ्या तुकडीसाठी आणखी एक विकत घ्यायची का, असा विषय समितीत निघाला. किंमत दोन हजार चारशे. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमचा खाण्याचाच धंदा आहे, तुम्हीच बघून सांगा." संस्थेचं नाव लिहीत नाही. आलेली मुलगी चांगली होती, मन लावून शिकवत होती, फक्त एकाच तासापुरती आली.

निळ्या प्लास्टिकच्या पेटीत 64 चित्रांचे पत्ते, एक तक्ता, सापशिडी, छोटा डिजिटल काटा, मापाचे चमचे, 'करून बघा' नावाची वीस कार्डं आणि बाईंसाठी एक पुस्तिका.

पत्त्यांची छपाई सुरेख आहे. पण स्निग्ध पदार्थांच्या पत्त्यावर ऑलिव्ह तेलाची बाटली आणि प्रथिनांच्या पहिल्या पत्त्यावर बदाम. शेंगदाणे कुठे, तर शेवटी 'इतर' मध्ये. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात, बदामापेक्षा जास्तच, आणि भाव मंडईत जाऊन विचारा. फळांत सफरचंद आहे, पेरू नाही. दत्तवाडीतल्या मुलाला पेरू सोडून सफरचंद दाखवणाऱ्याने पुण्यात थंडीचे दिवस काढलेले नसावेत. तक्ता तर अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळतो तसलाच, मुलांनी वर्षानुवर्षं भिंतीवर पाहिलेला आणि कधीच न वाचलेला. सापशिडी एकदा खेळले, फाशावरून भांडण झालं, मग ती परत पेटीत गेली.

अंड्याचा पत्ता आहे. त्यावर मुलांनी विचारलं, "बाई, मग आपल्याला का नाही?" सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेतल्या जेवणात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचे पैसे थांबवले, हे सहावीच्या वर्गात कसं सांगायचं ते पुस्तिकेत दिलेलं नाही.

आता काटा. पेटीत खरी वस्तू ही एकच.

कार्ड क्रमांक 3: 'तुमच्या ताटाचं वजन करा.' शाळेतल्या जेवणाचं प्रमाण ठरलेलं असतं. पहिली ते पाचवीला दर मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. सगळं कच्चं वजन. समितीवर असून मला हे आकडे तोंडपाठ नव्हते, कबूल करते. मुलांनी घरून तांदूळ, तूरडाळ आणली आणि एकेक वस्तू कागदावर मोजून ठेवली. 30 ग्रॅम डाळ म्हणजे लहान मुठीत मावेल एवढी. 150 ग्रॅम तांदळाचा ढीग बघून एक मुलगी म्हणाली, "एवढा मी खाते?" मग मी तो घरी शिजवून डब्यात नेला, तर चारशे ग्रॅमच्या वर भरला. वर्गात शांतता. पाणी किती जातं हे त्या एका डब्याने जेवढं समजावलं तेवढं पुस्तिकेच्या चार पानांनी नाही.

भाजीचा प्रकार मात्र बाईंना महागात पडला. 75 ग्रॅम म्हणजे एक मध्यम टोमॅटो, हे मुलांनी स्वतः काट्यावर पाहिलं होतं. आमच्याकडे खिचडी बाहेरून शिजून डब्यात येते. दुसऱ्या दिवसापासून पोरं ताटात बोटं घालून गाजर शोधायला लागली. "बाई, माझा टोमॅटो कुठंय?" बाईंनी मला फोन केला, मी हसले, त्या नाही हसल्या. पण पुढच्या समितीत भाजीचा विषय पहिल्यांदाच वेळेआधी निघाला.

कार्ड क्रमांक 9 वेष्टनं वाचायचं. पाच रुपयांच्या पुड्यांचे रिकामे कागद गोळा करायला आमच्या गल्लीत पाच मिनिटं पुरतात. मागच्या बारीक अक्षरांत सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ. मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ असावं. मुलांनी गुणाकार केले, गणिताच्या बाई खूश. गारेगार पेयाच्या बाटलीवर शंभर मिलीला साडेदहा ग्रॅम साखर लिहिलेली निघाली. 250 मिलीची बाटली म्हणजे 26 ग्रॅम. तेवढी साखर काट्यावर ओतून बघा, मग कळतं. धाकट्याने ती वाटी रात्री घरी माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाला, "आई, आता वड्याचं करू."

मी टाळलं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने कढई चढायच्या आधीच रिकामी कढई आणि तेल वेगवेगळं तोलायला लावलं. या काट्यावर दोन किलोच्या वर काही चालत नाही, म्हणून तेल दोन पातेल्यांत. चाळीस वडे तळून झाल्यावर, तेल निवल्यावर, पुन्हा. 320 ग्रॅम कमी भरलं. थोडं झाऱ्याला, थोडं कागदाला गेलं असेल, ते सोडा. एका वड्यामागे 8 ग्रॅम. सहावीच्या मुलाच्या शाळेतल्या पूर्ण जेवणात साडेसात. पोरगं काही बोललं नाही, वहीत लिहून घेतलं. बावीस वर्षं कढईसमोर उभी आहे, हा हिशेब मी कधी केला नव्हता. तेल संपलं की आणायचं, एवढाच माझा हिशेब.

नंतर मी तेलाची आच वाढवून बघितली. कोमट तेलात वडा टाकला की तो तेल पितो, हे आजी सांगायची. कडकडीत तेलात चाळीसला 270 वर आलं. हे कार्ड पेटीत नाही, माझ्यातर्फे फुकट.

काय राहिलंय तेही लिहिते. लोहावर तीन पत्ते आहेत, पण मुलांना शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या गोळीबद्दल एक अक्षर नाही. पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून निळी. अर्ध्या मुली ती गोळी गुपचूप फेकतात, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की मळमळतं. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतंच, जेवल्यावर घ्यायची, हे आमच्या आशाताईंनी येऊन सांगितलं. आणि वर लगेच चहा नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. त्यापेक्षा जेवणात लिंबू पिळा. आमच्या वस्तीत चौथीतली पोरंसुद्धा सकाळी चहा-खारीवर शाळेत येतात. चहाचं कार्ड नसेल तर पेटी पुण्यात बनली नाही असंच म्हणावं लागेल. नाचणीही नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. ज्या घरात दूध फक्त चहापुरतं येतं तिथे हे सांगायचं नाही तर काय सांगायचं?

सेवा: काट्याचा बटणासारखा सेल तिसऱ्या आठवड्यात गेला. संस्थेच्या नंबरवर दोनदा फोन केला, "कळवतो" म्हणाले. सेल शेवटी मीच आणला. आणि पेटी खराब होऊ नये म्हणून ऑक्टोबरभर कपाटात कुलपात होती, त्यात संस्थेचा दोष नाही. आपल्याकडे चांगली वस्तू आली की आधी तिला कुलूप.

समितीला मी सांगितलं ते इथेही सांगते: दुसरी पेटी घेऊ नका. संस्था नुसती कार्डं वेगळी देते का विचारा, नाही म्हणाली तरी पुन्हा विचारा. रविवार पेठेत बोहरी आळीत पाच किलोपर्यंतचा काटा पाचशेच्या आत मिळाला, त्याला साधे पेन्सिल सेल लागतात. उरलेल्या पैशांत मटकी, नाचणी, शेंगदाणे, लिंबं. मोड आलेल्या मटकीची भेळ मुलांनी वर्गात केली, गॅस लागत नाही, आणि मोडाआधी-मोडानंतर वजन केलं तर तोच पाण्याचा धडा पुन्हा होतो.

एकूण साडेतीन तारे. अर्धा कार्ड क्रमांक 17 साठी, जे मला आवडलेलं नाही.

त्यात शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत काय काय विकतात याची यादी करायची असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे, तेवढ्या अंतरात मुलांना जास्त चरबी, मीठ, साखरेचं काही विकायचं नाही. टेप पेटीत नव्हती. एका मुलाचे वडील गवंडी आहेत, त्यांची आणली. फाटक, चिंच-बोरांची टोपली, गोळ्या-बिस्किटांची टपरी, मग माझी गाडी. मी वडे सोडत होते आणि सहा पोरं टेप ताणून माझ्या चाकापाशी आली. टेपचं टोक धाकट्याच्या हातात. "38 मीटर," त्याने जोरात वाचलं, बाकीच्यांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात गाडी कोपऱ्यावर नेली, रसवंतीच्या शेजारी. 52 भरतात, टेपनेच मोजले. मधल्या सुट्टीत पोरं तिथवर चालत येतात आणि विचारतात, "काकू, आज आठ ग्रॅमचा की पावणेसातचा?"