बाळ खरं, एस्टिमेट खरं, क्यूआर कोड भलत्याचाच

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊला आवाहन आलं. आयसीयूतल्या बाळाचा फोटो, हॉस्पिटलच्या लेटरहेडवर साडेअकरा लाखांचं एस्टिमेट, खाली क्यूआर कोड आणि ‘उद्या दहाच्या आत डिपॉझिट भरायचंय’. कुणी पाचशे टाकले, कुणी हजार. एकाने भरल्याचा स्क्रीनशॉट टाकला की त्याच्याकडे बघून दुसरा भरत होता.

यात बाळ खरं होतं. एस्टिमेटही खरं. आई-वडिलांचं आठवडाभर आधीचं आवाहन कुणीतरी जसंच्या तसं उचललं आणि चित्रातला क्यूआर तेवढा बदलला. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम! हॉस्पिटलला फोन केला असता तरी ‘हो, पेशंट ॲडमिट आहे’ असंच ऐकू आलं असतं. भले भले फसतात ते इथेच. हकिगत खरी निघाली की पैसेही बरोबर जागी जाताहेत, असं आपण धरून चालतो. वर खऱ्या आई-वडिलांनी पुन्हा मदत मागितली तर त्यांनाच ‘फ्रॉड’ ऐकून घ्यावं लागतं.

कोड स्कॅन केला की पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव पडद्यावर दिसतं. ते वाचा. आडनाव जुळलं नाही आणि विचारल्यावर ‘मामाचं खातं आहे’ असं उत्तर आलं, तर मामा खरा असला तरी तिथे भरू नका. हॉस्पिटलचा नंबर स्वतः शोधा (एस्टिमेटवरचा नको), बिलिंग काउंटरला पेशंटचं नाव आणि आयपीडी नंबर (भरती झालेल्या पेशंटचा नोंदणी क्रमांक) सांगा, थेट त्या बिलात पैसे भरा आणि पेशंटच्या नावाची पावती घ्या. नाहीतर ग्रुपमधल्या एकाने जाऊन यावं. नदीपलीकडे जायचं म्हणजे काही परदेश नव्हे.

मदत मागणाऱ्यांनीही नळ्या लावलेल्या लेकराचा चेहरा ग्रुपवर टाकू नये. चोराला तोच कच्चा माल लागतो, आणि लेकराला कुणी विचारलेलं नसतं. आवाहन करण्याआधी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला गाठावं. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत न्यावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो आजार बसतो का, हेही तिथेच विचारावं.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. 12 अंकी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत कळलं तर ती गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पाचशेसाठी कोण तक्रार करणार, याच हिशेबावर हा धंदा चालतो. तेव्हा ज्याने ज्याने भरले त्याने आपापली तक्रार करावी. लाज वाटून ॲडमिन ते आवाहन पुसून टाकतात, त्याआधी ते सेव्ह करून ठेवा. त्यातला क्यूआर पोलिसांना लागतो.