डोक्यावरचं आवाळू: कुठे दाखवावं, कोणाकडून काढावं

कंगवा अडकतो, हेल्मेट टोचतं, न्हावी दर वेळी विचारतो. तरीही डोक्यातली गाठ लोक वर्षानुवर्षं बाळगतात आणि दाखवायला निघाले की चार दवाखान्यांत चार सल्ले ऐकून येतात. म्हणून हे परीक्षण एखाद्या डॉक्टरचं नाही, तर आपल्याकडे या गाठीसाठी मिळणाऱ्या निरनिराळ्या सेवांचं आहे. कसोट्या दोनच: गाठीची पिशवी भिंतीसकट बाहेर येते का, आणि काढलेला तुकडा तपासायला जातो का.

डोक्यावरची गुळगुळीत, घट्ट, बोटाखाली थोडी सरकणारी, हरभऱ्यापासून लिंबाएवढी गाठ बहुतेक वेळा पायलर सिस्ट असते. आपल्या भाषेत आवाळू. केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातून ती तयार होते आणि आत केराटिनचा, म्हणजे केस-नखं ज्याची बनतात त्या प्रथिनाचा, घट्ट पांढरट लगदा भरतो. ‘सेबेशियस सिस्ट’ हे केसपेपरवर हमखास दिसणारं नाव चुकीचं आहे, तेलग्रंथीचा इथे संबंध नाही. त्यामुळे डोक्याला तेल लावणं बंद करा, या सल्ल्यालाही अर्थ नाही. अशी गाठ अनेकदा घराण्यात चालते आणि एकाच डोक्यावर तीन-चारही असू शकतात.

सर्वांत वाईट सेवा म्हणजे ‘चिरा मारून दाबून काढतो, पाच मिनिटांचं काम’. लगदा निघतो, गाठ बसते, पेशंट खूश. पण केराटिन तयार करणारी भिंत आतच राहते आणि काही महिन्यांत गाठ पुन्हा भरते. शिवाय आता ती भोवतालच्या व्रणाला चिकटलेली असते, त्यामुळे पुढच्या सर्जनचं काम दुप्पट अवघड होतं. लाल, ठणकणाऱ्या, पू झालेल्या गाठीचा पू काढणं वेगळं, ते कधीकधी करावंच लागतं. मात्र तो तात्पुरता इलाज असतो. सूज उतरल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांनी पिशवी काढायची. सुजेत भिंत इतकी ठिसूळ झालेली असते की अख्खी हाती लागत नाही. ठणकत्या गाठीवर त्याच दिवशी पूर्ण शस्त्रक्रियेची हमी देणारा डॉक्टर दिसला, तर दुसरं मत जरूर घ्यावं.

चुना-गुळाचा लेप या गाठीवर लावू नये, चुन्यानं कातडी भाजते. पोटात घ्यायच्या कुठल्याही गोळीनं पिशवी विरघळत नाही, मग ती कोणत्याही पॅथीची असो. अँटिबायोटिकनं जंतुसंसर्ग आटोक्यात येतो, गाठ तिथेच राहते.

निदानासाठी पहिली भेट त्वचारोगतज्ज्ञाची घ्यावी. गाठीसारखं दिसणारं सगळंच आवाळू नसतं, हे त्यांना चटकन कळतं. लहान मुलाच्या डोक्यात पू भरलेला, केस गळणारा मऊ फुगवटा गजकर्णाच्या बुरशीचाही असू शकतो. तिथे चिरा मारणं ही घोडचूक, कारण त्याला बुरशीविरोधी गोळ्या लागतात. दगडासारखी, कवटीशी जखडलेली गाठ हाडाची असू शकते. मऊ, पसरट गाठ बहुधा चरबीची. शंका असेल तर सोनोग्राफी पुरते. पण मुलाच्या डोक्यावर बरोबर मध्यरेषेत जन्मापासून असलेली गाठ किंवा खाली वाकल्यावर फुगणारी, ठोके जाणवणारी गाठ सीटी किंवा एमआरआयशिवाय कोणालाही कापू देऊ नये. तिचा संबंध थेट कवटीच्या आत असू शकतो.

काढण्यासाठी जनरल सर्जन पुरेसा. साध्या गाठीला प्लास्टिक सर्जन हा खर्चिक हट्ट आहे. गाठ कपाळाच्या कडेला किंवा विरळ केसांत असेल, तर गोष्ट वेगळी. मुंबईतलं केईएम, पुण्यातलं ससून अशा शिकवणाऱ्या सरकारी रुग्णालयांत हे रोजचं काम आहे. तिथे रांगेचा त्रास आहे, पण तपासणीची प्रयोगशाळा त्याच आवारात असते, ही मोठी जमेची बाजू. ‘लेझर, बिनटाक्याचं’ अशा जाहिरातींबाबत एवढंच: तीन-चार मिलिमीटरच्या छिद्रातूनही पिशवी काढता येते आणि पायलर सिस्टची भिंत जाड असल्यानं ते जमतंही. पण भिंत आतल्या आत जाळणार असतील तर तपासायला काय उरणार, हे आधी विचारावं.

नीट केलेलं काम असं दिसतं. अख्खं डोकं भादरत नाहीत, गाठीवरचे केस तेवढे कात्रीनं कमी करतात. लिग्नोकेन २ टक्के हे बधिर करणारं औषध, सोबत रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रिनलिन, गाठीभोवती टोचतात आणि सात ते दहा मिनिटं थांबतात. हे थांबणं महत्त्वाचं, कारण डोक्याच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या घट्ट तंतूंत अडकलेल्या असल्यानं कापल्यावर आक्रसत नाहीत आणि रक्त भरपूर येतं. मग चिरा देऊन बोथट अवजारानं पिशवी भोवतालून मोकळी करतात. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी ती चकचकीत, अखंड बाहेर येते. फुटलीच तर भिंतीचा प्रत्येक तुकडा शोधून काढावा लागतो. मग नायलॉनचे टाके आणि दाबपट्टी. एकूण अर्धा तास. दोन दिवसांनी डोकं धुता येतं, टाके सात ते दहा दिवसांनी काढतात. व्रणाच्या रेषेत केस विरळ होतात, हे डॉक्टरनं आधीच सांगायला हवं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन यांसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते सांगावं, पण स्वतःच्या मनानं बंद करू नये.

काढलेली गाठ १० टक्के फॉर्मालिनच्या बाटलीत हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, गेली पाहिजे. ‘साधीच होती, टाकून दिली’ हे उत्तर चालणार नाही. बिलात ही तपासणी बऱ्याचदा वेगळी धरतात, म्हणून अंदाजपत्रक मागताना तिचाही खर्च विचारावा. आठवड्यांत झपाट्यानं वाढलेली, जखम होऊन रक्त येणारी गाठ, मानेत सोबत आलेली दुसरी गाठ किंवा आधी झालेला कॅन्सर, यांपैकी काहीही असेल तर कापण्याआधीच दुसरं मत हवं. अहवाल संशयास्पद आला, तर प्रयोगशाळेकडून स्लाइड आणि गाठीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्यावेत आणि परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी फेरतपासणीला द्यावेत. नुसत्या अहवालाच्या झेरॉक्सवर दुसरा पॅथॉलॉजिस्ट काही सांगू शकत नाही.

विम्याच्या भरवशावर राहू नका. ओपीडीत होऊ शकणारं काम विमा कंपन्या ‘डे केअर’मध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या उपचारांत, सहसा बसवत नाहीत. केवळ क्लेमसाठी एक रात्र ॲडमिट व्हायला सांगणारं नर्सिंग होम भेटलं, तर तिथून उठलेलं बरं.